एक संगणक आणि घरातली पाच माणसे



आजचा विषय ऐकून काहींना वाटेल, की हा शहरातल्या लोकांचा विषय आहे, खेड्यातल्या घराशी याचा काय संबंध? पण थोडे आपल्याच घराकडे पाहा. मोबाइल ज्याचा त्याच्या खिशात असतो. संगणक मात्र घरात एकच असतो, आणि त्यावर सारे घर बसते. मुलीचा शिष्यवृत्तीचा अर्ज त्यावर, गुरुजींचे निकालपत्रक त्यावर, शेताचा सातबारा काढावयाचा तो त्यावर, आणि धाकट्याचा खेळही त्यावरच. एका यंत्रावर इतकी माणसे नांदावयाची, तर त्यांनी एकमेकांच्या पायात न येता कसे नांदावे, एवढाच आजच्या बोलण्याचा विषय आहे.

मी काही संगणकशास्त्राचा माणूस नव्हे. तालुक्याच्या गावी महाविद्यालयात इतिहास शिकवतो. तेव्हा जे सांगणार आहे, ते ठेच लागून शिकलेले आहे. ती ठेच आधी सांगतो.

आमच्या घरी आम्ही पाच माणसे. माझी आई, आम्ही दोघे, बारावीची मुलगी आणि नववीतला मुलगा. सौ. एका महिला बचत गटाचा हिशेब पाहते. बारा जणी, दरमहा प्रत्येकी दोनशे रुपये, त्यातून दिलेली लहानमोठी कर्जे आणि त्यांचे हप्ते. हा सारा हिशेब तिने तीन वर्षे संगणकावर ठेवला होता. ज्या फोल्डरात तो होता त्याचे नाव तिने साधे ‘गट’ असे दिले होते.

दिवाळीच्या सुटीत मुलाला एक नवा खेळ यंत्रावर घ्यावयाचा होता. यंत्र म्हणाले, जागा नाही. मुलाने जागा करावयास घेतली. ‘गट’ हे नाव त्याने पाहिले आणि त्याला वाटले, हे शाळेतल्या गेल्या वर्षीच्या गटकार्याचे असणार. त्याने तो फोल्डर काढून टाकला. काढलेले कागद ज्या टोपलीत पडतात तीही रिकामी केली आणि त्यावर खेळ बसवला. दुसरी प्रत कुठेच नव्हती.

आठ दिवसांनी गटाची बैठक आली तेव्हा ही गोष्ट उघड झाली. सौ.ने बँकेचा उतारा आणि बायकांच्या हातातली लहान पुस्तके गोळा करून हिशेब पुन्हा मांडला. त्याला तीन आठवडे लागले. अकरा जणींचे जमले. बाराव्या बाईचे पुस्तक पावसात भिजून लगदा झाले होते. तिने कर्जाचे शेवटचे तीन हप्ते बैठकीत रोखीने भरले होते, आणि त्यांची नोंद फक्त आमच्या संगणकावर होती. गटातल्या बायकांनी तिचा शब्द मानला, ही त्यांची थोरवी. पण भरलेल्या पैशांसाठी चार जणींत उभे राहून तिला शपथ घेतल्यासारखे बोलावे लागले. त्या दिवशी सौ. घरी येऊन जेवली नाही.

आता दोष कोणाचा? मी प्रथम मुलावर रागावलो. तो रडवेला होऊन म्हणाला, “बाबा, मला यंत्राने अडवलंच नाही. विचारलंसुद्धा नाही.” रात्री विचार केला तेव्हा वाटले, पोराचे म्हणणे खरे आहे. संगणक आणला त्या दिवशी दुकानातल्या माणसाने एक खाते उघडून दिले होते. आम्ही पाचही जण त्याच एका खात्यातून आत शिरत होतो, आणि त्या खात्याला सर्व अधिकार होते. यंत्राच्या दृष्टीने आमच्या घरात पाच माणसे नव्हतीच. एकच माणूस होता, आणि तो आपलाच फोल्डर काढून टाकीत होता. मग यंत्र अडवणार कोणाला?

येथे ‘खाते’ हा शब्द नीट समजून घेऊ. बँकेत आपले खाते असते, म्हणजे बँकेच्या लेखी आपली वेगळी ओळख असते आणि आपले पैसे वेगळे मोजले जातात. संगणकाचे तसेच आहे. प्रत्येकाला एक नाव आणि एक परवलीचा शब्द दिला, की प्रत्येकाला यंत्रात जणू स्वतंत्र खोली मिळते. त्याचे कागद, त्याची चित्रे, इंटरनेटवर त्याने काय पाहिले त्याची नोंद, ब्राउझरने लक्षात ठेवलेले त्याचे परवलीचे शब्द, सारे त्याच्या खोलीत राहते. अक्षराचा आकारही ज्याचा त्याचा. माझ्या आईच्या खात्यात अक्षरे मोठी ठेवली आहेत. ती आपले कीर्तन लावून ऐकते. तिच्या मोठ्या अक्षरांचा त्रास मुलांना होत नाही.

परंतु वेगळी खोली एवढ्याने काम भागत नाही. कोणी काय करावे, हा दुसरा प्रश्न आहे. त्याला ‘परवानगी’ म्हणतात. आपल्या लोकांना ही कल्पना नवी नाही. सातबाऱ्याचेच उदाहरण घ्या. आपल्या गटाचा सातबारा कोणालाही पाहता येतो. पण पाहणे वेगळे आणि त्यात बदल करणे वेगळे. खरेदीखत झाले, वारस लागले, तर तलाठी, म्हणजे नव्या नावाने ग्राम महसूल अधिकारी, फेरफाराची नोंद घेतो. ती मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित करावी लागते, तेव्हा कुठे ती पक्की होते. वाचण्याचा अधिकार सर्वांना, लिहिण्याचा ठरावीक माणसाला, आणि मंजुरीचा तिसऱ्याला. संगणकातील परवानगीचे मर्म हेच आहे.

आणखी घरगुती उदाहरण हवे असेल तर लोणच्याची बरणी घ्या. लोणचे घरातले सारेच खातात. पण बरणीत हात घालावयाचा कोणी, हे ठरलेले असते. ओला हात लागला तर वर्षाचे लोणचे बुरसटते. यात कोणावर अविश्वास नसतो. ज्याला कोरडा डाव वापरण्याची सवय आहे, त्याने वाढावे, इतकेच.

या कल्पनेचा इतिहासही सांगण्यासारखा आहे. १९६१ साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत फर्नांडो कॉर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक यंत्रणा दाखवली. त्या काळी संगणक खोलीएवढा मोठा आणि फार महाग. तो एका वेळी एकानेच वापरणे परवडणारे नव्हते. तेव्हा अनेकांनी एकाच वेळी तो वापरावा, प्रत्येकाचे कागद वेगळे राहावेत, म्हणून तेथे प्रत्येकाला परवलीचा शब्द देण्यात आला. म्हणजे पाहा, परवलीचा शब्द संगणकात आला तो चोरांच्या भीतीने नव्हे, तर सामायिक वापराच्या गरजेतून.

पुढच्याच वर्षी एक गंमत झाली. अ‍ॅलन शेर नावाचे एक संशोधक तेथे होते. त्यांना संगणकाचा जेवढा वेळ वाटून दिला होता तो त्यांच्या कामाला पुरेना. त्यांनी युक्ती करून सर्वांचे परवलीचे शब्द असलेली यादीच छापून मागितली, आणि ती मिळालीही! मग इतरांच्या नावाने आत शिरून ते आपले काम करीत राहिले. पुष्कळ वर्षांनी त्यांनी स्वतःच हे सांगून टाकले. यातून मी घरापुरता एक धडा घेतला. ज्याला न्याय्य वाटा मिळत नाही, तो कुलूप उघडण्याच्या युक्त्या शोधतो. मुलाला खेळावयास मुळी वेळच दिला नाही, तर तो बापाचा परवलीचा शब्द हेरण्यात आपली बुद्धी खर्च करील. तेव्हा परवानग्या ठरवण्याआधी वेळ वाटून द्यावा. आमच्याकडे तो मुलांसमोर बसून ठरवला, आणि कागदावर लिहून भिंतीला लावला.

पुढे १९६९ पासून बेल प्रयोगशाळेत केन टॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स ही प्रणाली घडवली. तिच्यातली परवानग्यांची रीत शिक्षकांना आवडेल, कारण ती अंकगणितासारखी सुटसुटीत आहे. प्रत्येक कागदासाठी तीन प्रकारची माणसे मानली: मालक, मालकाचा गट, आणि बाकीचे सारे. प्रत्येकाला तीन अधिकार असू शकतात: वाचणे, लिहिणे आणि चालवणे. वाचण्याला ४, लिहिण्याला २, चालवण्याला १ असे आकडे दिले. बेरीज केली की अधिकार कळतो. ६४० असे लिहिले तर मालकाला वाचण्या-लिहिण्याचा अधिकार, गटाला फक्त वाचण्याचा, आणि इतरांना काहीच नाही. बचत गटाच्या हिशेबाला नेमके हेच हवे होते. सौ.ने लिहावे, घरच्यांनी फार तर वाचावे, बाकीच्यांनी लांब राहावे. पुष्कळ शाळांतून लिनक्स प्रणालीचे संगणक आहेत. त्यांत ही रीत आजही तशीच चालते.

आता घरी प्रत्यक्ष काय करावे ते सांगतो. पुष्कळ घरी विंडोज असते, म्हणून तिचे सांगतो. तिच्यात मुख्यतः दोन प्रकारची खाती असतात. एक ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’, म्हणजे कारभारी. दुसरे ‘स्टँडर्ड’, म्हणजे साधे. नवा प्रोग्रॅम सर्वांसाठी बसवणे, दुसऱ्याचे खाते उघडणे किंवा बंद करणे, यंत्राची मूळ मांडणी बदलणे ही कामे कारभाऱ्याची. लिहिणे, वाचणे, छापणे, इंटरनेट पाहणे ही रोजची कामे साध्या खात्यातून उत्तम होतात. यंत्र प्रथम चालू करताना जे खाते उघडले जाते ते कारभाऱ्याचे असते, आणि पुष्कळ घरे जन्मभर त्यातच राहतात. आमची चूक हीच होती.

विंडोज ११ मध्ये ‘सेटिंग्ज’ उघडावे, त्यात ‘अकाउंट्स’, आणि त्यात ‘अदर यूजर्स’. तेथे ‘अ‍ॅड अकाउंट’ असे लिहिलेले असते. ते दाबले की यंत्र ईमेलचा पत्ता मागते. तो द्यावयाचा नसेल तर खाली, या व्यक्तीची माहिती माझ्याकडे नाही, अशा अर्थाची ओळ असते. ती दाबली की पुढच्या पानावर ईमेलवाचून खाते उघडण्याची सोय मिळते. नाव घालावे, परवलीचा शब्द घालावा, झाले. मात्र मुलाच्या वेळेवर यंत्रानेच मर्यादा घालावी असे वाटत असेल, तर त्याचे खाते ईमेलसह उघडून मायक्रोसॉफ्टच्या कुटुंब-गटात घ्यावे लागते. खाते तयार झाल्यावर त्याच जागी ‘चेंज अकाउंट टाइप’ मध्ये ते ‘स्टँडर्ड’ आहे ना, हे पाहून घ्यावे.

एक गोष्ट आवर्जून सांगतो. कारभाऱ्यानेसुद्धा आपल्या रोजच्या कामासाठी वेगळे साधे खाते ठेवावे. कारण असे: कारभारी खात्यातून एखादा घातक प्रोग्रॅम शिरू पाहू लागला, तर यंत्र फक्त ‘हो की नाही’ एवढेच विचारते, आणि आपला हात सवयीने ‘हो’ वर पडतो. साध्या खात्यात यंत्र कारभाऱ्याचा परवलीचा शब्द मागते. तो टंकण्यापुरती जी चार क्षणांची खोटी होते, तेवढ्यात माणूस विचार करतो. तरीही ही भिंत सगळीकडून बंद आहे असे समजू नये. काही प्रोग्रॅम एकाच माणसाच्या खोलीपुरते बसतात. त्यांना कारभाऱ्याची परवानगी लागत नाही.

सर्वांच्या सामायिक कागदांसाठी, जसे लग्नातली छायाचित्रे किंवा वीजबिले, विंडोजमध्ये ‘पब्लिक’ नावाचा फोल्डर असतो. तो सर्व खात्यांतून उघडतो. हा घराचा ओटा समजावा. ओट्यावर कोणीही बसावे, पण दागिन्यांचा डबा तेथे ठेवू नये.

दोन बारीक सूचना. जागेवरून उठताना विंडोजची कळ आणि एल ही कळ एकदम दाबावी, म्हणजे आपल्या खोलीला कडी लागते. पण कडी लावणे म्हणजे बाहेर पडणे नव्हे. आपले उघडे कागद तसेच आत असतात. दुसऱ्याने यंत्रच बंद केले, किंवा वीज गेली, तर न साठवलेले काम जाते. म्हणून काम संपले की ‘साइन आऊट’ करावे. दुसरे असे, की एखाद्याचे खाते काढून टाकताना यंत्र त्याचे कागदही काढून टाकते. मुलगी शिकावयास परगावी गेली म्हणून घाईने तिचे खाते पुसू नका. आधी कागद दुसरीकडे घ्या.

आता जरा नाजूक भागाकडे येतो. मी खाती उघडू लागलो तेव्हा आई म्हणाली, “घरातल्या घरात कुलपं कसली रे लावतोस?” मी म्हटले, “आई, तुझ्या कमरेला कोठीची किल्ली होती ना?” ती म्हणाली, “ती चोरासाठी नव्हती रे. पोरांनी गूळ एका दिवसात संपवू नये म्हणून.” मला जे अर्ध्या तासात सांगता आले नसते, ते तिने एका वाक्यात सांगितले.

पण माझी खरी चूक पुढेच झाली. कारभाऱ्याचे खाते मी एकट्याकडे ठेवले. घरचा कर्ता म्हणून ते आपसूक माझ्याकडेच यावे, असे मी धरून चाललो. एकदा मी चार दिवस कोल्हापूरला गेलो असताना छपाईयंत्र बिघडले. ते पुन्हा बसवावयास कारभाऱ्याचा परवलीचा शब्द लागला. गटाची बैठक दुसऱ्या दिवशी होती. मी परतल्यावर सौ. शांतपणे म्हणाली, “अहो, हिशेब माझा, जबाबदारी माझी, आणि किल्ली तेवढी तुमच्याकडे. हे कसं?” मला उत्तर देता आले नाही. त्याच संध्याकाळी दुसरे कारभारी खाते तिच्या नावे उघडले. शिवाय दोन्ही परवलीचे शब्द एका पाकिटात घालून, पाकीट चिकटवून, घराच्या कागदपत्रांत ठेवले. आजारपणात, अडीअडचणीत कोणाचे काम अडू नये.

येथे एक गोष्ट विसरू नये. कारभारी खाते ज्याच्या हाती असते त्याला मनात आणले तर दुसऱ्याच्या खोलीत शिरता येते. म्हणजे किल्ली देणे हा शेवटी विश्वासाचाच व्यवहार आहे. माझ्या मुलीने मला विचारले, “बाबा, तुम्ही माझं लिहिलेलं वाचाल का?” मी सांगितले, तुला विचारल्याखेरीज नाही. लहान मुलांवर लक्ष ठेवणे हे आईबापांचे काम आहे, पण ते सांगून करावे. चोरून वाचलेले एकदा उघडकीस आले, की मूल पुन्हा काही त्या यंत्रावर ठेवत नाही, आणि आपल्याला सांगतही नाही.

परवानग्यांच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. यंत्रच चोरीला गेले आणि कोणी आतली तबकडी काढून दुसऱ्या यंत्राला जोडली, तर खात्याची भिंत उपयोगी पडत नाही. त्यासाठी तबकडीवरील मजकूर कूटरूपात ठेवण्याची वेगळी सोय चालू करावी लागते. बँकेचा ओटीपी आपणच फोनवरून कोणाला सांगितला, तर घरातले कोणतेही खाते वाचवणार नाही. आणि तबकडी स्वतःच बिघडली, तर परवानग्या कितीही नीट असल्या तरी कागद जातातच. म्हणून मोलाच्या कागदाची एक प्रत यंत्राबाहेर असलीच पाहिजे. सौ. आता प्रत्येक बैठकीनंतर हिशेब पेनड्राइव्हवर घेते, आणि महिन्याला एक पान छापून फायलीत लावते.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना वेगळी विनंती आहे. शाळेत एकच संगणक आणि हाताळणारे हात शंभर, अशी स्थिती पुष्कळ ठिकाणी असते. तेथे निदान तीन खाती करावीत. कारभाऱ्याचे मुख्याध्यापकांकडे, कार्यालयाचे एक, आणि विद्यार्थ्यांचे एक साधे. ज्या खात्यात निकालपत्रके असतील त्यात मुलांना बसवू नये. परवलीचा शब्द फळ्यावर किंवा पडद्याच्या कडेला चिठ्ठीवर लिहून ठेवू नये. तो लांब असावा, आपल्याला सहज आठवणारा असावा. चार-पाच असंबद्ध शब्दांची ओळ चांगली. शाळेचे नाव आणि सन मात्र नको, कारण तो चौथीतला मुलगाही ओळखील. शिक्षकाची बदली झाली की त्याच दिवशी शब्द बदलावा, जशी जाताना कपाटाची किल्ली परत घेतो तशी.

आमच्या घरी हे सारे करावयास रविवारची एक सकाळ लागली. पाच खाती, दोन कारभारी, एक ओटा आणि एक पेनड्राइव्ह. मुलगा अजून खेळतो, पण आपल्या खोलीत आणि ठरलेल्या वेळी. नव्या खेळाला कारभाऱ्याचा शब्द लागला, तर तो आईकडे जातो, आणि आई आधी विचारते, “जागा करायला काय काढलंस?”

त्या बाराव्या बाईचे तीन हप्ते सौ.ने नव्या हिशेबात पहिल्याच पानावर लिहिले आहेत. ते पान छापून, सही करून, तिच्या हाती दिले आहे. ज्यांच्या घरी अजून सारे एकाच खात्यात बसतात, त्यांनी येत्या सुटीच्या दिवशी थोडा वेळ काढावा. कोणाच्या तरी भरलेल्या पैशांचा, लिहिलेल्या अर्जाचा, वर्षाच्या श्रमाचा कागद त्या यंत्रात असेल, आणि त्याची दुसरी प्रत कदाचित कुठेही नसेल.